ज्ञानाची मिरासदारी

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. इंटरनेटवरील चोरट्या संग्रहांतून लक्षावधी पुस्तके तिने उतरवून घेतली व जतन करून ठेवली, हा लेखकांच्या तक्रारीचा गाभा होता. तडजोडीत सुमारे पाच लाख पुस्तकांचा समावेश झाला आणि दर पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर असा हिशेब ठरला. रक्कम डोळे दिपवणारी आहे. तथापि या प्रकरणाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. ते दिवाणी न्यायालयात सुरू झाले आणि पैशाने मिटले. त्यात कोणाही अधिकाऱ्याच्या हातात बेडी पडली नाही.

याच अमेरिकेत ६ जानेवारी २०११ रोजी चोवीस वर्षांच्या एका तरुणाला अटक झाली होती. ॲरन स्वार्ट्झ हे त्याचे नाव. ‘जेस्टोर’ या संशोधनपत्रिकांच्या संग्रहातून सुमारे अठ्ठेचाळीस लाख लेख त्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जाळ्यावरून उतरवून घेतले, हा त्याचा अपराध. त्यांतील एकही लेख त्याने विकला नाही वा वाटला नाही. जेस्टोरने त्याच्याशी समझोता करून आपली तक्रार संपल्याचे जाहीर केले. संबंधित विद्यापीठाने तटस्थता पत्करली. सरकारी वकिलांनी मात्र सप्टेंबर २०१२ पर्यंत आरोपांची संख्या तेरावर नेली. सर्व आरोप सिद्ध झाल्यास होऊ शकणारी कमाल शिक्षा, कागदोपत्री का होईना, पन्नास वर्षांच्या घरात जात होती. सर्व आरोप कबूल केल्यास काही महिन्यांच्या कैदेवर भागेल, असेही सुचवण्यात आले. त्याने ते नाकारले. खटला उभा राहण्यापूर्वीच, ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने आपले आयुष्य संपवले. अशा मृत्यूचे खापर कोणत्याही एका कारणावर फोडणे योग्य नव्हे. परंतु ज्या कायद्याखाली त्याला घेरण्यात आले तो संगणकविषयक कायदा १९८६ सालचा, म्हणजे त्याच्याच वयाचा होता, आणि तो व्यक्तीवर किती जड पडू शकतो हे या प्रकरणाने जगाला दाखवले.

स्वार्ट्झ संगणकाच्या वेडाने झपाटलेला होता हे खरे, पण तेवढेच म्हणणे अपुरे ठरेल. संकेतस्थळांवरील नवा मजकूर वाचकापर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या ‘आरएसएस’ या पद्धतीच्या एका आवृत्तीच्या रचनेत त्याने चौदाव्या वर्षी भाग घेतला. लेखकाने आपल्या लेखनावरील हक्क स्वेच्छेने सैल करावेत यासाठी उभ्या राहिलेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या तांत्रिक बांधणीत तो होता. ‘रेडिट’ या संकेतस्थळाच्या विक्रीतून त्याला पैसाही मिळाला. त्याच्या वयाचे आणि बुद्धीचे असंख्य तरुण यापुढे श्रीमंतीची वाट धरतात. त्याने ती सोडून सार्वजनिक प्रश्नांची वाट धरली. त्याच्या मतांचा विचार म्हणूनच गांभीर्याने केला पाहिजे.

त्याचे पहिले मत ज्ञानाच्या मालकीविषयी होते. जुलै २००८ मध्ये लिहिलेल्या एका जाहीरनाम्यात त्याने असे मांडले की, जगाचा वैज्ञानिक व सांस्कृतिक वारसा मूठभर प्रकाशनसंस्थांच्या कुलपात बंद होत आहे आणि ज्यांना त्यापर्यंत पोहोचता येते त्यांनी तो इतरांना उपलब्ध करून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. या भूमिकेमागील अर्थशास्त्र साधे आहे. एकाने खाल्लेली भाकरी दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. परंतु एकाने शिकलेले प्रमेय दुसऱ्यासाठी कमी होत नाही. छपाईच्या काळात निदान कागद, शाई आणि टपाल यांचा खर्च प्रत्येक प्रतीमागे होत असे. संगणकाने तोही जवळजवळ शून्यावर आणला. अशा वस्तूला प्रतीमागे भारी किंमत लावणे म्हणजे समाजाचा काही लाभ न होता काहींना वंचित ठेवणे होय.

पहिली प्रत तयार करण्याचा खर्च कोणी सोसायचा, असा आक्षेप यावर घेतला जातो. संशोधनपत्रिकांच्या बाबतीत त्याचे उत्तर कोणत्याही प्राध्यापकाला ठाऊक असते. संशोधकाचे वेतन आणि प्रयोगशाळेचा खर्च बहुतांशी सार्वजनिक तिजोरीतून होतो. लेखाबद्दल त्याला मानधन मिळत नाही. लेखाची छाननी करणारे दुसरे विद्वान तेही काम सामान्यतः विनामूल्य करतात. तयार झालेला लेख मग प्रकाशक त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकतो. एका पत्रिकेऐवजी दुसरी घेऊन संशोधकाचे भागत नाही, त्यामुळे किंमत कितीही वाढली तरी मागणी फारशी घटत नाही. एल्सव्हिअरसारख्या बड्या प्रकाशनसंस्थेचा या व्यवसायातील नफा उलाढालीच्या तीस टक्क्यांहून अधिक राहत आला आहे, तो यामुळेच. रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाची जी मीमांसा केली, ती येथे तंतोतंत लागू पडते. हे उत्पन्न श्रमातून येत नाही. दारावर ताबा असल्यामुळे येते. जेस्टोर ही स्वतः ना-नफा संस्था होती, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. सप्टेंबर २०११ मध्ये तिने जुन्या काळातील सुमारे पाच लाख लेख सर्वांसाठी खुले केले. म्हणजे दोष एखाद्या संस्थेच्या हेतूत शोधण्यापेक्षा दारावर पहारा बसवणाऱ्या व्यवस्थेत शोधला पाहिजे.

त्याचे दुसरे मत इंटरनेटवरील संस्कृतीविषयी होते, आणि ते कमी परिचित आहे. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश मुख्यतः काहीशे निष्ठावंत संपादकांनी लिहिला आहे, असे त्याचे संस्थापक जिमी वेल्स सांगत. त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांची संख्या हा त्यासाठी पुरावा होता. स्वार्ट्झने २००६ साली वेगळे मोजमाप लावले. कोणी किती वेळा हात लावला हे न मोजता, शेवटी टिकलेला मजकूर कोणाचा, हे त्याने काही लेखांपुरते तपासले. तेव्हा चित्र उलटे दिसले. मजकुराचा मोठा भाग क्वचित येऊन आपल्या विषयातले चार परिच्छेद लिहून जाणाऱ्या अनोळखी लोकांचा होता. निष्ठावंत मंडळी प्रामुख्याने शुद्धलेखन, मांडणी आणि आवराआवर करत होती. मोजमापाचे एकक बदलले की श्रमाचे श्रेय कोणाकडे जाते हेही बदलते, ही गोष्ट कारखान्यातील हिशेब पाहणाऱ्यांना नवी नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे ज्या अफाट मजकुरावर पोसली जात आहेत, तो अशाच अनाम लोकांनी फुकट लिहिलेला आहे. दीड अब्ज डॉलरच्या तडजोडीत पुस्तकांचे लेखक व प्रकाशक आहेत. या अनामांसाठी तेथे जागा नाही.

तिसरे मत राजकारणाविषयी. प्रताधिकाराच्या रक्षणाच्या नावाखाली आख्खी संकेतस्थळे बंद पाडण्याची मुभा देणारे ‘सोपा’ नावाचे विधेयक ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे आले. त्यामागे चित्रपट आणि संगीत उद्योगांचे बळ होते, दोन्ही प्रमुख पक्षांत त्याला पाठिंबा होता, आणि ते मंजूर होणार असे जाणकार गृहीत धरून चालले होते. स्वार्ट्झ व त्याच्या ‘डिमांड प्रोग्रेस’ या संघटनेने सह्यांची मोहीम आणि प्रतिनिधींना दूरध्वनी असा सनदशीर मार्ग धरला. पुढे इतर अनेक संघटना आल्या. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून आपली पाने एक दिवस काळी केली. दोनच दिवसांत मतदान लांबणीवर पडले आणि विधेयक बारगळले. विजयाच्या भरात त्याने इशाराही दिला की, असा कायदा दुसरे नाव आणि दुसरे निमित्त घेऊन परत येईल.

हा इशारा आपल्याकडेही खरा ठरला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर व्यक्त केलेल्या मतावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने ते मत लिहिले होते, दुसरीने त्याला केवळ पसंती दर्शवली होती. ज्या कलमाचा आधार तेव्हा घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. पुढे २०२३ साली सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटेपण सरकारी विभागानेच ठरवावे, अशी तरतूद नियमांच्या दुरुस्तीतून आली. ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. निमित्त दर वेळी निराळे असते. नागरिकांनी मात्र सावधपणा एकदाच दाखवून चालत नाही.

स्वार्ट्झच्या भूमिकेला मर्यादाही आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. त्याच्या जाहीरनाम्यात सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन आणि लेखकाने उपजीविकेसाठी केलेले लेखन यांतील भेद पुरेसा स्पष्ट होत नाही. मराठीत एखादी कादंबरी छापणारा लहान प्रकाशक आणि तिच्या तुटपुंज्या मानधनावर अवलंबून असलेला लेखक यांना एल्सव्हिअरच्या रांगेत बसवता येणार नाही. भ्रमणध्वनीवरून फिरणारी मराठी पुस्तकांची चोरटी पाने ही ज्ञानमुक्ती नसून दुबळ्याच्या खिशात घातलेला हात आहे. दुसरी मर्यादा मार्गाची. त्याच्या छोट्या आयुष्यात दोन प्रयोग झाले. एका इमारतीच्या तारांच्या खोलीत लॅपटॉप ठेवून त्याने एकट्याने केलेले धाडस त्याच्या जिवावर बेतले आणि कुलूप तसेच राहिले. लक्षावधी लोकांना बरोबर घेऊन उघडपणे केलेला लढा यशस्वी झाला. संगणकाच्या चातुर्यापेक्षा संघटित लोकमताचे बळ मोठे असते, हा निष्कर्ष त्याच्याच आयुष्यातून निघतो.

भारतात हा प्रश्न सामान्य विद्यार्थ्याच्या दारात येऊन उभा राहिला आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील छायाप्रतींच्या एका छोट्या दुकानाविरुद्ध दावा लावला. तेथे अभ्यासक्रमातील प्रकरणांचे संच तयार होत असत. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रताधिकार हा ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नव्हे, ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून कायद्याने दिलेली ती सोय आहे, असा त्या निकालाचा आशय होता. खंडपीठानेही शिक्षणासाठीच्या सवलतीचे हे तत्त्व मान्य केले आणि २०१७ साली प्रकाशकांनी माघार घेतली.

न्यायालयाने मान्य केलेले हे तत्त्व सरकारी धोरणात मात्र पुरते उतरलेले नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन, वन सब्स्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशनसंस्था, सुमारे १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा विस्तार आहे. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला मोठ्या विद्यापीठाइतक्याच पत्रिका वाचायला मिळाव्यात, हा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता एक मोठी संधी यात निसटली. संपूर्ण देशाच्या वतीने एकच ग्राहक सौदा करतो तेव्हा त्याची ताकद असामान्य असते. त्या ताकदीच्या बळावर भारतीय संशोधकांचे लेख सर्व नागरिकांसाठी खुले करण्याची अट घालता आली असती. प्रत्यक्षात दर वर्षी सरासरी २,००० कोटी रुपये मोजून सरकारने कुलूप तसेच ठेवले आणि किल्ल्या तेवढ्या जास्त वाटल्या. जो संस्थेत नाही, तो शेतकरी, वकील, खेड्यातला डॉक्टर, पत्रकार वा निवृत्त शिक्षक दाराबाहेरच राहिला. दुसरीकडे, अनेक वर्षे गरजू संशोधकांनी ज्याचा आधार घेतला ते ‘साय-हब’ हे संकेतस्थळ प्रकाशकांच्या दाव्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयीन आदेशाने देशात बंद करण्यात आले. न्यायालयाने कायदा पाहिला. चोरवाटेची गरजच पडू नये असा राजमार्ग बांधण्याचे काम सरकारचे होते.

असा मार्ग बांधता येतो, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने दुर्मीळ ग्रंथ संगणकीय रूपात सर्वांसाठी उपलब्ध केले. यासाठी कोणाला कायदा मोडावा लागला नाही. ज्या प्रांतात १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींसाठी शाळा काढून विद्येची जातीय मिरासदारी मोडायला आरंभ केला, त्या प्रांताला ज्ञानाच्या या नव्या मिरासदारीचे स्वरूप ओळखणे जड जाऊ नये.

वर्गणी योजनेची मंजूर मुदत २०२७ अखेर संपते. तत्पूर्वी संसदेत आणि विद्यापीठांच्या अधिसभांत या कराराच्या अटींची उघड चर्चा झाली पाहिजे. सार्वजनिक निधीतून झालेला प्रत्येक शोधनिबंध प्रसिद्ध होताच नागरिकांना विनामूल्य मिळावा, ही अट पुढील सौद्यात असली पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ सालीच मुक्त प्रवेशाचे धोरण जाहीर केले होते. त्याला बंधनकारक कायद्याचे रूप द्यावे. जिल्हा व तालुका पातळीवरील सार्वजनिक ग्रंथालयांचा योजनेत समावेश करावा. प्राध्यापकांच्या संघटना वेतनश्रेणीसाठी जितक्या निर्धाराने उभ्या राहतात, तितक्याच निर्धाराने त्यांनी ही मागणी लावून धरायला हवी, कारण या व्यवहारात विकला जाणारा माल त्यांच्याच श्रमाचा आहे.