आकडा मोठा की भिंत?

परवा लेकीची सामान्यज्ञानाची तयारी घेत होतो. "बाबा, जगातला सगळ्यात मोठा भूकंप कुठला?" म्हटलं, चिलीतला. वाल्दिव्हिया, २२ मे १९६०, तीव्रता ९.५. यंत्रांनी नोंदवलेला आजवरचा सर्वांत मोठा. लगेच पुढचा प्रश्न आला, "म्हणजे सगळ्यात जास्त माणसंपण तिथेच गेली असतील ना?"

हा प्रश्न तिच्या पुस्तकात नव्हता. आणि उत्तर 'नाही' असं आहे.

वाल्दिव्हियाच्या बळींचे अंदाज साधारण एक ते सहा हजारांच्या दरम्यान आहेत. याउलट १५५६ साली चीनच्या शान्शी प्रांतात आठ लाखांहून जास्त माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्या भूकंपाची तीव्रता ८ च्या आसपास धरतात. तिथले लोक मऊ पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहायचे. टेकड्या ढासळल्या, माणसं आतच गाडली गेली.

इतकं जुनं नको असेल तर २०१० घ्या. जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला. तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे चिलीतला भूकंप हैतीच्या जवळजवळ पाचशे पट! मृत मात्र सव्वापाचशेच्या घरात. चिलीनं १९६० नंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि मुख्य म्हणजे ते पाळले. हैतीत पाळायला नियमच जवळजवळ नव्हते.

आता घरचं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून सगळे दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं. आम्ही सोलापुरात होतो. मांडणीवरची भांडी वाजली, आईनं आम्हाला ओढतच अंगणात नेलं. आमचं आजोळ उमरग्याकडचं. तिकडची बातमी कळेपर्यंत आई काही बोललीच नाही. आमची माणसं वाचली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली.

तीव्रता किती? ६.२ ते ६.४. वाल्दिव्हियाशी तुलनाच नको.

मारलं ते भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या भिंती. पण आतून काय? बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून माळवदावर मातीचा जाड थर. जमीन हलली, थर सुटे झाले आणि सगळं वजन झोपलेल्यांवर आलं. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही विसरू नका.

सगळाच दोष घरांना देता येणार नाही, हे मान्य. २००४ च्या सुमात्राच्या भूकंपात दोन लाखांवर माणसं गेली ती मुख्यतः त्सुनामीनं. समुद्रापुढे भिंत कितीशी पुरणार? पण आपल्या गावाला समुद्र नाही. आपल्याकडे प्रश्न भिंतीचाच आहे.

हे सगळं आज का लिहितोय? आजोळचं जुनं घर अजून उभं आहे आणि आमच्या मामेभावाला त्यावर स्लॅबची एक खोली चढवायची आहे. "अरे, त्र्याण्णवमध्ये पडलं नाही ते आता काय पडतंय!" हे त्याचं म्हणणं. मला वाटतं, ते घर तेव्हा पडलं नाही ही त्याच्या मजबुतीची खूण नसून आपलं नशीब होतं. आणि त्या हादऱ्यानंतर भिंती आतून कशा आहेत, हे उघडून कुणी पाहिलेलंच नाही.

आपण घर बांधताना वास्तू बघतो, दिशा बघतो, फरशीचा रंग दहा दुकानं फिरून ठरवतो. दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवलाय का, हे मात्र विचारत नाही. तो पट्टा भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही. घराच्या एकूण खर्चात त्याचा खर्च कितीसा?

दादा, हे वाचत असशील तर खोली चढवण्याआधी एखाद्या इंजिनियरला भिंती दाखव. त्याची फी मी देतो. रागावू नकोस. मामी त्याच भिंतीला डोकं लावून झोपतात, एवढंच डोक्यात येतं.

आणि लेकीचं म्हणाल, तर तिनं वहीत दोन याद्या केल्यात. एक मोठ्या भूकंपांची, दुसरी जास्त माणसं गेलेल्यांची. दोन्हींत सारखी नावं फारच थोडी निघाली.