ऊसपट्ट्याची प्रकृती कोणी तपासायची?

आरोग्याच्या विषयात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र कशाला घुसडता, असा प्रश्न सातारा-सांगलीकडे अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. विचारणाऱ्यांचे म्हणणे असे: रोग शरीराला होतो आणि तो डॉक्टरला कळतो. दवाखाने वाढवा, लोकांना शिकवा. हातात पैसा आला की बाकीचे आपोआप सुधारते. सर्व्हेवाले येतात, प्रश्नावल्या भरून नेतात, पुढे काहीच होत नाही.

यातला दवाखान्यांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. त्या कामाचे मोल कोण नाकारील? पण शिक्षण आणि पैसा आला की आरोग्य सुधारते, हे म्हणणे याच मातीत खोटे पडले आहे.

२०११ ची जनगणना पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे सांगलीत मुली ८६७, साताऱ्यात ८९५. नंदुरबारमध्ये ९४४ आणि गडचिरोलीत ९६१. कृष्णाकाठाला पाणी आहे, ऊस आहे, कारखाने, बँका, कॉलेजे आहेत. तरी मुलगी जन्माला येण्याची शक्यता गडचिरोलीच्या जंगलात जास्त. मग पैसाच वाईट म्हणावा, तर त्याच जनगणनेत दुष्काळी बीड ८०७ वर आहे. ‘गरिबीमुळे’ किंवा ‘श्रीमंतीमुळे’ अशा एका शब्दाच्या उत्तराने हे कोडे सुटत नाही. ते सोडवायला घरात शिरावे लागते, कारण जिल्ह्याची सरासरी उंबऱ्याआतले काही सांगत नाही.

घरात शिरण्याची रीत संशोधनाने घालून दिली आहे. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये देशभरातल्या कुटुंब-पाहणीच्या नोंदी एका साध्या प्रश्नाने तपासल्या: पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या खेपेला काय होते? १९९० मध्ये अशा घरांत हजार मुलग्यांमागे ९०६ मुली जन्मत होत्या, २००५ मध्ये ८३६. आणि ही घट दहा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या आयांमध्ये आणि सधन घरांत जास्त होती. अडाणीपणाचा सिद्धान्त इथे कोसळतो. वाटणीत तुकडे होत गेलेली बागायत, हुंड्याचा आणि मानपानाचा खर्च, दोनच मुलांचे कुटुंब आणि तालुक्याच्या गावी आलेले सोनोग्राफीचे यंत्र, हा सगळा हिशोब शिकलेली माणसे अधिक सफाईने करतात.

सोनोग्राफी केंद्रात प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो. हयात मुले किती, त्यांत मुली किती, त्यांची वये काय, तपासणी कशासाठी, कोणी पाठवले, हे सारे त्यात असते. एक फॉर्म हातात घेतला तर तो निर्दोष दिसतो. हजार फॉर्म पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या खेपेप्रमाणे लावले आणि जन्मनोंदणीशी ताडून पाहिले, की कोणत्या केंद्राभोवती काय घडते ते दिसू लागते. हे काम एकेका रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरचे नाही, माणसांच्या समूहाकडे पाहणाऱ्या शास्त्राचे आहे.

दुसरा आक्षेप असतो तो गुन्हेगार पकडण्याचा. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला गर्भपातात एका महिलेचा जीव गेला आणि पाठोपाठ ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. अशांना शिक्षा झालीच पाहिजे. साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून असे धंदे उघडे पाडले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. पण दुकान बंद झाल्याने मागणी मरत नाही. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. ते चांगलेच झाले. मात्र ज्या हिशोबातून ते जुने नाव आले तो त्या समारंभाने बदलला नाही.

आता याच पट्ट्यातल्या फडावर चला. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, तसेच जत, माण, खटावमधून तोडणी मजूर येतात. मजुरीचा हिशोब कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बाई अंधारात उठून कोपीत भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात उतरते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. संडास नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याचा दंड जोडीला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या निमित्ताने बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

लोभी डॉक्टर आणि घाबरलेल्या बाया, एवढ्यावर हे प्रकरण संपवता येत नाही. दर महिन्याला खाडा भरण्यापेक्षा पिशवी एकदाची काढून टाकलेली परवडते, असे त्या बाईला वाटावे, अशीच त्या कामाची बांधणी आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाला पुन्हा उचल, आणि उचल फेडायला पुन्हा फड. या रोगाचे मूळ मजुरीच्या पद्धतीत आहे, तिथवर स्त्रीरोगाचे पुस्तक पोहोचणार कसे? साताऱ्यात शाळेची पायरी चढलेल्या आणि पुढे अर्थशास्त्रज्ञ झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू घेतली, ती बाळंतिणीची प्रकृती आणि तिची मजुरी एकत्र धरूनच. फडातली बाई आजही त्या विचाराच्या बाहेर उभी आहे, याचा मला संताप येतो.

राहिला ‘पुढे काहीच होत नाही’ हा टोमणा. १९९० च्या दशकात सांगलीत एचआयव्ही पसरत होता तेव्हा वेश्याव्यवसायातल्या बायकांकडे रोगाचे उगमस्थान म्हणून पाहिले जाई. ‘संग्राम’ संस्थेने आणि १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या बायकांच्याच ‘व्हॅम्प’ संघटनेने प्रश्न उलटा विचारला: गिऱ्हाइकाला, गुंडाला, पोलिसाला नाही म्हणायची ताकद तिच्याकडे किती? मग कंडोम वाटणारी ती स्वतःच झाली आणि पोलिसी जाचाविरुद्ध उभे राहणे हेही आरोग्याचेच काम ठरले. संशोधनाचा प्रश्न बदलला की उपाय बदलतो, याचा पुरावा सांगलीबाहेर शोधायची गरज नाही.

म्हणून मागणी नेमकी आहे. दोन्ही जिल्हा परिषदांनी येत्या गळीत हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही आणि मुकादमाची वही शेजारी शेजारी ठेवावी. कोणत्या बाईचे किती खाडे, ते कशामुळे, किती कापले, शस्त्रक्रिया कुठे झाली आणि तिचे पैसे कोणी दिले, हे लिहून काढावे, आणि हंगाम संपून मजूर घरी परतण्याआधी ते आकडे कोप्यांसमोर त्यांना वाचून दाखवावेत.