छायाचित्राचा वाद आणि न विचारलेला प्रश्न

पश्चिम बंगाल विधानसभेची २०२१ मधील निवडणूक आठ टप्प्यांत झाली. दक्षिण कोलकात्यात २६ एप्रिलला, तर उत्तर कोलकात्यात २९ एप्रिलला मतदान झाले. १८ वर्षांवरील सर्वांची लसनोंदणी २८ एप्रिलपासून सुरू होणार होती. नेमक्या त्याच सुमारास मोबाइलवरून देशभर एक वावडी उठली : मासिक पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस स्त्रियांनी लस घेऊ नये. पाळीचे दिवस धरले, तर जवळपास अर्धा महिना लस वर्ज्य ठरत होती, तीही दुसरी लाट ऐन भरात असताना.

पत्र सूचना कार्यालयाने २४ एप्रिलला हा संदेश खोटा ठरविला. खुलासा योग्यच होता. मात्र, लशीने पाळीत काही फरक पडतो काय, हा स्त्रियांच्या मनातील मूळ प्रश्न त्याने सुटला नाही. लशींच्या चाचण्यांमध्ये पाळीची पद्धतशीर नोंदच ठेवली गेली नव्हती. मग उत्तर देणार कोठून?

राजकीय पक्षांचे लक्ष निराळ्याच गोष्टीवर होते. लस प्रमाणपत्रावरील पंतप्रधानांच्या छायाचित्राविरुद्ध तृणमूल काँग्रेस निवडणूक आयोगाकडे गेली आणि निवडणूक असलेल्या राज्यांत ते हटले. जूनमध्ये राज्याने खरेदी केलेल्या लशींच्या प्रमाणपत्रांवर ममता बॅनर्जी यांचे छायाचित्र झळकले. त्याच महिन्यात कोलकात्याच्या कसबा भागात बनावट लसीकरण शिबिर उघडकीस आले. तत्कालीन खासदार मिमी चक्रवर्ती यांनीही तेथे लस टोचून घेतली होती. श्रेयासाठी चढाओढ करणाऱ्यांना विश्वासाची राखण मात्र जमली नाही.

प्रश्नाचे उत्तर अखेर परदेशातून आले. जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे चार हजार अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात पाळीचे चक्र सरासरी एका दिवसाहून कमी लांबल्याचे दिसले. त्याच वर्षी सुमारे वीस हजार स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानेही तेच सांगितले. हा बदल तात्पुरताच होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय औषध नियामकाच्या समितीने फायझर व मॉडर्नाच्या लशींच्या माहितीपत्रकात अतिरक्तस्रावाचा उल्लेख करण्याची शिफारस केली. प्रजननक्षमतेवर परिणाम होत असल्याचा पुरावा नाही, हेही स्पष्ट केले. अर्थात, भारतात प्रामुख्याने दिल्या गेलेल्या कोव्हिशील्ड व कोव्हॅक्सिन या वेगळ्या पद्धतीच्या लशी. त्यांच्याविषयीची उत्तरे येथेच शोधावी लागतात.

‘पाळी थोडी मागेपुढे होऊ शकेल, ती पूर्ववत होईल, लस मात्र चुकवू नका,’ असे प्रामाणिकपणे सांगितल्याने लसीकरण कोलमडत नाही. ते कोलमडते मौनाने. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा आंध्र प्रदेश व गुजरातमधील प्रकल्प २०१० मध्ये वादामुळे थांबवावा लागला होता. प्रत्येक नव्या मोहिमेत पाळीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. शासन ज्या प्रश्नाला उत्तर देत नाही, त्याचे उत्तर अफवा देते.