हमी यंत्राची, की पहिल्या मालकाची?

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरील होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. डागडुजी याच दिवसांत होते, आणि जुन्या होड्यांचे सौदेही याच दिवसांत ठरतात. नवी फायबरची होडी व नवे इंजिन घेण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी नाही, असा छोटा मच्छीमार दुसऱ्याने वापरलेली होडी इंजिनासह विकत घेतो. काही पैसा सोसायटीच्या कर्जाचा, काही मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या आगाऊ उचलीचा, उरलेला घरातल्या स्त्रीच्या अंगावरचा. सौदा झाला की नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्यात नव्या नावावर करून घ्यावा लागतो. कर्जाचा बोजा नव्या मालकाच्या डोक्यावर येतो. समुद्राचा धोका तर कोणत्याही अर्जावाचून त्याच्याकडे जातो. एकच गोष्ट पुष्कळदा त्याच्याकडे जात नाही, ती म्हणजे कारखानदाराने त्या इंजिनाला दिलेली व अद्याप मुदत न संपलेली हमी!

समजा, दोन वर्षांच्या हमीचे इंजिन आठ महिन्यांनी विकले गेले. पुढे दोन महिन्यांत त्यातला एखादा भाग सदोष ओतकामामुळे तडकला. नवा मालक विक्रेत्याच्या दुकानी जातो, तेव्हा त्याला हमीपत्रातील बारीक अक्षरांतली ओळ दाखविण्यात येते. ही हमी फक्त मूळ खरेदीदारापुरती आहे! काही कंपन्या हस्तांतराला मुभा देतात. परंतु तीही ठरावीक मुदतीत अर्ज, अधिकृत विक्रेत्याकडून तपासणी आणि वर शुल्क अशा अटींवर. ज्याला ही अट कोणी सांगितलीच नाही, त्याची मुदत त्याच्या नकळत टळून जाते.

येथे मूलभूत प्रश्न असा आहे की, ही हमी कोणाच्या पैशाने निर्माण झाली? कारखानदार ती दानधर्म म्हणून देत नाही. शंभर इंजिनांपैकी किती नादुरुस्त होतील आणि त्यांवर किती खर्च येईल याचा अंदाज बांधून तो खर्च प्रत्येक इंजिनाच्या किमतीत मिळविलेला असतो. म्हणजे दोन वर्षांच्या दुरुस्तीची किंमत पहिल्याच दिवशी वसूल झालेली असते. इंजिन आठव्या महिन्यात दुसऱ्याच्या हाती गेले म्हणून उरलेल्या सोळा महिन्यांचा पैसा कंपनी परत करते काय? मुळीच नाही. पैसा ठेवून घ्यायचा आणि जबाबदारी झटकायची, याला व्यापारी भाषेत काहीही नाव असो, अर्थशास्त्राच्या भाषेत हा अनार्जित नफा आहे.

या नफ्याची झळ दोघांनाही बसते. हमी गेलेल्या इंजिनाला बाजारात कमी भाव येतो. म्हणून अडचणीपोटी होडी विकणाऱ्याचेही नुकसान होते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, वस्तूतला दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असतो आणि घेणारा अंधारात असतो, तेव्हा चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव मिळतो आणि अखेर बाजारच बिघडतो. या कामासाठी त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या अविश्वासावरचा एक उपाय म्हणून त्याने हमीचाच उल्लेख केला होता. परंतु जेथे अविश्वास सर्वांत जास्त, त्या जुन्या मालाच्या बाजारात पाऊल टाकताच हमी संपविली जाते. यात कारखानदाराचे हित उघड आहे. जुने इंजिन जितके बेभरवशाचे ठरेल, तितके नवे इंजिन अधिक खपेल!

कारखानदारांचा युक्तिवाद

पहिल्या मालकाने यंत्र कसे वापरले हे आम्हांला ठाऊक नसते, असे कंपन्यांचे म्हणणे. परंतु पहिल्या मालकाच्याही होडीवर कंपनीचा माणूस बसलेला नसतो. हमी असते ती कारखान्यातील दोषाची. गैरवापर, अपघात व निष्काळजीपणा यांना वगळणारी कलमे हमीपत्रात असतातच, आणि ती दुसऱ्या मालकालाही खुशाल लागू करावीत. पोलादातला दोष मालकाचे नाव बदलल्याने नाहीसा होत नाही.

याहून उघडा पक्षपात दुसऱ्या एका अटीत आहे. हौसेखातर होडी फिरविणाऱ्याला दीर्घ मुदतीची हमी आणि तेच इंजिन पोटासाठी वापरणाऱ्याला आखूड मुदतीची, अशी विभागणी या धंद्यात सर्रास केली जाते. धंद्याच्या होडीचे इंजिन अधिक तास चालते, हे त्याचे समर्थन. मग हमी महिन्यांत न मोजता तासांत मोजा! पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. इंजिन शाकारलेल्या होडीत पडून असते. हमीचे घड्याळ मात्र चालूच राहते. कामाचे तास मच्छीमाराविरुद्ध मोजायचे आणि सक्तीच्या विश्रांतीचे दिवस त्याच्या बाजूने मोजायचे नाहीत, हा कोणता हिशोब?

कायद्यातील पोकळी

या मच्छीमाराला कायदा काय देतो? १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ माल विक्रीयोग्य असण्याची गर्भित अट घालते, पण ती त्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यावर. आपली एकुलती एक होडी विकणारा मच्छीमार व्यापारी नव्हे. म्हणजे विकणाऱ्यावर दावा नाही, आणि कारखानदाराशी नव्या मालकाचा करार नाही. कराराचा लाभ दुसऱ्याला देता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये मान्य केले. परंतु करार व्यक्तिगत स्वरूपाचा नसावा आणि करारातच मनाई नसावी, या मर्यादेत. ही मनाई लिहिण्याचा अधिकार छापील हमीपत्र तयार करणाऱ्या कंपनीच्याच हाती असतो!

ग्राहक संरक्षण कायद्याने थोडा दिलासा दिला, हे मान्य केले पाहिजे. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. एकदोघांची मदत घेऊन स्वतः यंत्र चालविणारा माणूस ग्राहकच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या नव्या कायद्याने उत्पादनाच्या दोषाबद्दल कारखानदारावर दायित्वही आणले. परंतु त्याच कायद्यातील ‘हानी’ची व्याख्या वाचावी. सदोष इंजिनाने मच्छीमाराला इजा केली तर भरपाई मागता येते. खुद्द इंजिनाची हानी आणि बुडालेली कमाई यांतून वगळली आहे. माणूस जायबंदी झाला तर कायदा जागा होतो. त्याचे पोट बुडाले तर तो हमीपत्राकडे बोट दाखवितो. आणि ते हमीपत्र तर दुसऱ्याच्या नावावर! २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी होत्या. मच्छीमाराचे इंजिन त्या यादीत नव्हते.

हे अपरिहार्य आहे, असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १५७ पाहा. मोटार विकली की तिचा तृतीय पक्षासाठीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कायदाच मानतो. दायित्व वस्तूबरोबर जाते, हे तत्त्व भारतीय कायद्याला परके नाही. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने ‘पूर्ण’ म्हणविणारी हमी पहिल्या खरेदीदारापुरती ठेवण्यास मनाई केली. यावर कंपन्यांनी पळवाट काढली. हमीपत्रावर ‘मर्यादित’ हा शब्द छापला आणि होडीच्या दुसऱ्या मालकाला अर्ज व शुल्काच्या रांगेत उभे केले. अर्धामुर्धा कायदा केल्यास काय होते, याचा हा धडा आहे.

कार्यकर्त्यांचे काम

हमीपत्राचा प्रश्न हा मध्यमवर्गीयांचा चोचला आहे, असे चळवळीतील काही मंडळींना वाटण्याचा संभव आहे. ही समजूत चुकीची आहे. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल-साखरेचा प्रश्नही काहींना किरकोळच वाटला होता. शोषण केवळ कारखान्याच्या दारात होत नाही. ते दुकानाच्या गल्ल्यावर आणि छापील कागदाच्या बारीक अक्षरांतही होते. नवी वस्तू श्रीमंत घेतो, जुनी गरीब घेतो. म्हणून हमी पहिल्या मालकापाशी संपविणे म्हणजे गरिबाच्या वाट्याची हमी संपविणे होय.

मागण्या साध्या आहेत. विक्री होताच उरलेली हमी नव्या मालकाकडे गेली असे कायद्याने मानावे, आणि त्यासाठी शुल्क नसावे. मासेमारी-बंदीचे दिवस हमीच्या मुदतीतून वगळावेत. होडी व इंजिनासाठी सरकार अनुदान देते, तेव्हा हस्तांतरणीय हमी देणाऱ्या कंपनीचेच यंत्र त्यास पात्र ठरावे. या शेवटच्या अटीसाठी संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. ती सरकारी ठरावाने घालता येईल.

तोवर मच्छीमार सहकारी संस्थांना बरेच करता येण्यासारखे आहे. सौद्याच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक लिहून, हमीचे सर्व हक्क नव्या मालकास दिल्याचे वाक्य घालावे. मूळ पावती, हमीपत्र आणि देखभालीच्या नोंदी होडीबरोबर मागून घ्याव्यात. हस्तांतराचा अर्ज सौदा झाल्याबरोबर संस्थेच्या शिक्क्याने पाठवून त्याची पोच ठेवावी. कंपनीने नाकारले तर नकार लेखी मागावा. एकट्या मच्छीमाराला दुकानदार दारातून परत पाठवू शकतो. एकाच बंदरातील पन्नास लेखी नकार घेऊन संस्था राज्य ग्राहक आयोगापुढे अन्याय्य कराराचा प्रश्न उभा करू शकते.

होडीबरोबर कर्ज जाते, कर जातो, जोखीम जाते. मग हमीच तेवढी मागे का राहावी, याचे उत्तर कारखानदारांनी आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या सरकारने दिले पाहिजे. ते आपण होऊन देणार नाहीत. बंदराबंदरांतून ते मागावे लागेल.