सभागृहातील नेता : पद की दायित्व?

संसदीय पक्षाचा नेता निवडण्याची बैठक बहुधा अर्ध्या तासात आटोपते. एखादा ज्येष्ठ सदस्य नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, बाके वाजतात, पुष्पहार घातले जातात आणि छायाचित्रकारांना आत बोलावले जाते. दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे कोणाची सरशी झाली आणि कोणाचा पत्ता कापला गेला, याच्या सुरस कथांनी भरलेली असतात. संघटनेत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने मात्र या घटनेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. आसन कोणी आणि कसे रिकामे केले, त्यावर बसणाऱ्याची निवड कोणत्या गुणांवर झाली आणि ज्यांना ते मिळाले नाही ते पुढे कसे वागले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून पक्षाची प्रकृती ओळखता येते.

या कसोटीवर भारतीय जनता पक्षाच्या वाटचालीतील २००९ हे वर्ष पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी १६ मे रोजी लोकसभेचे निकाल लागले. २००४ मध्ये १३८ जागा मिळवणारा पक्ष ११६ वर आला. पंतप्रधानपदाचे उमेदवार लालकृष्ण अडवाणी यांनी विरोधी पक्षनेतेपदावरून दूर होण्याची इच्छा व्यक्त केली. परंतु सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे त्यांनी ते दायित्व पुढे चालू ठेवले. त्यामागची आदराची भावना समजण्यासारखी होती. तथापि आदर आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे ते डिसेंबर हे सात महिने पक्षाने पराभवाच्या कारणमीमांसेत, परस्परांवरील दोषारोपात आणि जसवंतसिंह यांच्या हकालपट्टीसारख्या कटू प्रसंगांत घालवले. गावोगावच्या कार्यकर्त्याला त्या काळात लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणे किती अवघड गेले, हे आमचे वाचक विसरले नसतील. पराभवाने पक्ष खचत नाही. पराभवानंतरच्या अनिश्चिततेने खचतो.

१८ डिसेंबर २००९ रोजी ती अनिश्चितता संपली. अडवाणीजींनी पद सोडले आणि लोकसभेतील नेतृत्व सुषमा स्वराज यांच्याकडे आले. राज्यसभेत अरुण जेटली यांनी जूनपासूनच ही धुरा सांभाळली होती. दुसऱ्याच दिवशी नागपूरचे नितीन गडकरी पक्षाध्यक्ष झाले आणि बीडचे खासदार गोपीनाथराव मुंडे यांच्याकडे लोकसभेतील उपनेतेपद आले. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती सूत्रे सोपवली आणि त्यासाठी पक्ष फुटला नाही.

या खांदेपालटात एक उणीव होती, तीही नोंदवली पाहिजे. त्यासाठी संसदीय पक्षाच्या घटनेत दुरुस्ती करून अध्यक्षपद नव्याने निर्माण करण्यात आले, ते अडवाणीजींना देण्यात आले आणि सभागृहांतील नेते नेमण्याचा अधिकार त्या पदाकडे गेला. संसदेच्या सदस्य नसलेल्या सोनिया गांधी यांच्यासाठी काँग्रेसने १९९८ साली आपल्या संसदीय पक्षाचे नियम बदलले, तेव्हा आपण त्यावर टीका केली होती. दोन्ही प्रसंगांत फरक निश्चितच आहे. तेथे एका घराण्यासाठी दार उघडले गेले, येथे सहा दशके तपस्या केलेल्या नेत्याचा मान राखला गेला. तरीही व्यक्तीसाठी नियम वाकवणे ही वाट एकदा पडली की ती रुळते. ज्येष्ठांचा मान राखायला मने पुरेशी असतात, त्यासाठी घटनेत कलमे घालावी लागू नयेत.

आता निवडीच्या गुणवत्तेविषयी. १९७७ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी हरियाणात मंत्री झालेल्या सुषमाजींना बत्तीस वर्षांचा सार्वजनिक अनुभव होता. दिल्लीचे मुख्यमंत्रिपद, माहिती-प्रसारण आणि आरोग्य ही खाती त्यांनी सांभाळली होती. १९९९ मध्ये पक्षाने सांगितले म्हणून त्या बेल्लारीत सोनिया गांधींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्यांचे वक्तृत्व सर्वांनी ऐकले होते. परंतु विरोधी पक्षनेत्याची खरी परीक्षा भाषणात नव्हे, बंद दाराआडच्या बैठकीत होते.

ती परीक्षा वर्षभराच्या आत आली. केंद्रीय दक्षता आयुक्ताची निवड करणाऱ्या समितीत पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता असे तिघे असतात. सप्टेंबर २०१० मध्ये डॉ. मनमोहन सिंग आणि पी. चिदंबरम यांनी पी. जे. थॉमस यांचे नाव पुढे केले. केरळमधील पामोलिन तेलाच्या आयातीसंबंधीच्या खटल्यात थॉमस यांचे नाव आरोपी म्हणून होते. सुषमाजींनी लेखी असहमती नोंदवली. दोघांविरुद्ध एक अशा बहुमताने नियुक्ती झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती नियुक्ती रद्द केली. निवड एकमताने व्हावी असा नियम न्यायालयाने घातला नाही. परंतु दक्षता आयोगासारख्या संस्थेची विश्वासार्हता हाच निवडीचा निकष हवा आणि प्रलंबित खटल्याकडे समितीने दुर्लक्ष केले, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. सुषमाजींच्या जागी सौजन्यापोटी मान डोलावणारा नेता असता, तर ही असहमती कागदावर आलीच नसती. सभागृहातील नेता निवडताना आपण केवळ भाषण करणारा निवडत नाही, तर एकटा पडला तरी 'नाही' म्हणू शकणारा माणूस निवडतो.

असा माणूस हेरण्याची दृष्टी आपल्या पूर्वसूरींकडे होती. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत जनसंघाचे अवघे तीन सदस्य होते, तरीही डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी अन्य पक्षांतील व अपक्ष सदस्यांना जोडून सुमारे तीस जणांचा गट उभा केला आणि प्रत्यक्षात विरोधी पक्षनेत्याचेच कार्य केले. १९५७ मध्ये चार सदस्य आले. त्यांतले दोघे आजच्या महाराष्ट्रातले होते, धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आशर. नेतेपद मिळाले ते बलरामपूरहून प्रथमच निवडून आलेल्या बत्तीस वर्षांच्या अटलबिहारी वाजपेयी यांना. मागे सत्ता नव्हती, पैसा नव्हता, घराणे नव्हते. अभ्यास आणि वाणी एवढ्या भांडवलावर चार जणांच्या गटाच्या त्या तरुण नेत्याने सभागृहाचे लक्ष वेधून घेतले. पुढे तोच देशाचा पंतप्रधान झाला.

आपल्या देशात नेतानिवडीच्या इतर रीतीही होऊन गेल्या. जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षात खुले मतदान झाले आणि इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंवर ३५५ विरुद्ध १६९ असा विजय मिळवला. रीत लोकशाहीची होती. पण मनातली कटुता विरली नाही आणि १९६९ मध्ये पक्ष दुभंगला. १ डिसेंबर १९८९ रोजी मध्यवर्ती सभागृहात देवीलाल यांची निवड झाली आणि त्यांनी लगेच विश्वनाथ प्रताप सिंह यांचे नाव पुढे केले. चंद्रशेखर यांना अंधारात ठेवून रचलेल्या या नाट्याची किंमत त्या सरकारला वर्षभरातच मोजावी लागली. मतदान असो वा सर्वसहमती, रीत कोणतीही चालते. मने साफ नसतील तर कोणतीही रीत टिकत नाही.

आपल्याकडेही सर्व काही सुरळीत झाले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. जून २०१३ मध्ये अडवाणीजींनी पक्षपदांचे राजीनामे दिले आणि मग मागे घेतले. परंतु २० मे २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांची संसदीय पक्षाच्या नेतेपदी निवड झाली, तेव्हा नाव सुचवले ते अडवाणीजींनीच. पंतप्रधानपदासाठी ज्यांचे नाव घेतले जात होते, त्या सुषमाजींनी परराष्ट्र मंत्रालयाचे दायित्व पाच वर्षे मन लावून पार पाडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रसंगांत आहे.

अडवाणीजींना २०२४ मध्ये भारतरत्न देण्यात आले. अटलजी, सुषमाजी, जेटली आणि मुंडे आज आपल्यात नाहीत. चार सदस्यांच्या पक्षाला सत्ता मिळाल्यालाही आता बराच काळ लोटला. सत्तेमुळे बाके भरतात, पण संसदपटू घडत नाहीत. ग्रंथालयात बसून अर्थसंकल्पाची पाने चाळणारा, विरोधकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून मग उत्तर देणारा, पक्षाच्या बैठकीत वेगळे मत मांडून बाहेर निर्णयाशी एकनिष्ठ राहणारा तरुण सदस्य आपण शोधतो आहोत का? की टाळ्यांच्या आवाजावरून माणसे निवडतो आहोत?

हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. नगरपालिकेत वा जिल्हा परिषदेत गटनेता निवडतानाही हेच तीन प्रश्न विचारता येतील. शाखेत मुख्य शिक्षक बदलतो, तेव्हा कालचा मुख्य शिक्षक आज रांगेत उभा राहतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. ही साधी सवय संसदेच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचवणे, हे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. आजच्या पिढीनेही ते पुढच्या पराभवाची वाट न पाहता हाती घ्यावे.