शनिवारचा खाडा कोण भरून देणार?

सकाळी उमरोळीच्या फलाटावर उभे राहिलात की दोन गर्द्या दिसतात. एक पालघरकडे, म्हणजे कॉलेजला आणि पुढे विरार-मुंबईला जाणारी. दुसरी बोईसरकडे, एमआयडीसीत कामावर निघालेली. दोन्हींत कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर किटबॅग असतेच. आदल्या रात्री कुठल्या तरी गावच्या मंडळाच्या कबड्डी सामन्यात गुडघा सोलवटून घेतलेला एखादा असतो, नाहीतर रविवारच्या टेनिस क्रिकेटसाठी कुणाला खाडा करता येईल याची फोनवर जुळवाजुळव चाललेली असते. आज बोलायचंय ते या ‘खाडा’ शब्दाबद्दल. रग्बी या खेळाची एकदा दोन शकलं झाली, ती याच शब्दावरून.

रग्बी म्हटल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हेल्मेट घातलेले अमेरिकन आठवतील. ते वेगळं. रग्बी आपल्याकडे मोठ्या पडद्यावर आली ती जून २०२५ मध्ये. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात १५ ते २९ जून या काळात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. जीएमआर आणि रग्बी इंडिया ही संघटना यांनी मिळून तो भरवला. अभिनेता राहुल बोस या संघटनेचा अध्यक्ष, आणि तो स्वतः भारताकडून रग्बी खेळलेला आहे. सहा संघ, ३४ सामने, सगळे एकाच मैदानावर. चेन्नई बुल्सनं अंतिम सामन्यात दिल्ली रेड्झला ४१-० असं धुतलं. सामना चार-चार मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे एकूण सोळा मिनिटांचा. रीलच्या जमान्याला साजेसा, असं म्हणायचा मोह होतो. पण सात जणांची ही रग्बी मुळातच झटपट असते. नेहमीचा सामनाही सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा.

आता आकड्यांकडे जरा नीट बघा. प्रत्येक संघात तेरा खेळाडू. त्यातले पाच जगातले नावाजलेले, तीन कॅनडा, जर्मनी, हाँगकाँग अशा देशांतले आणि पाच भारतीय. सहा संघांचे मिळून भारतीय झाले तीस. अमेरिकेचा पेरी बेकर, न्यूझीलंडचा स्कॉट करी यांच्यासारख्या लोकांसोबत पंधरा दिवस सराव करायचा, त्यांच्या अंगावर धावून जायचं, ही त्या तीस जणांसाठी मोठीच कमाई. यात वाद नाही. प्रश्न उरतो तो वर्षाच्या बाकीच्या साडेतीनशे दिवसांचा. त्या दिवसांत हे तीस जण काय करतात, आणि देशात जे बाकीचे हजारो जण रग्बी खेळतात ते कशावर जगतात? बायकांना तर पहिल्या हंगामात जागाच नव्हती. खरं तर भारताच्या महिला संघानं २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला होता. त्या संघातली वाहबिज भरुचा पुण्याची, आणि पेशानं फिजिओथेरपिस्ट. म्हणजे देशासाठी खेळायचं आणि पोटासाठी वेगळं काम करायचं. याला इंग्रजीत सेमी-प्रोफेशनल म्हणतात. आपण ‘अर्धव्यावसायिक’ म्हणतो खरं, पण त्या शब्दात हे लोक अर्धवट खेळतात अशी शंका डोकावते. तसं काही नसतं. खेळ पूर्ण असतो, अर्धा असतो तो पगार.

आता शंभर-सव्वाशे वर्षं मागे चला, इंग्लंडच्या उत्तर भागात. कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी, आपल्या तारापूर एमआयडीसीची पणजीच म्हणा. तिथले कामगार शनिवारी दुपारी रग्बी खेळायचे. शनिवारची सकाळ मात्र कामाची. लांबच्या गावी सामना असला की सकाळची पाळी बुडायची आणि मजुरी कापली जायची. क्लबांना तिकिटांचे पैसे मिळत होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं साधं होतं: खेळाडूची जेवढी मजुरी बुडाली तेवढी आम्ही भरून देतो. याला ‘ब्रोकन टाइम’ म्हणत, म्हणजे तुटलेल्या वेळेचा मोबदला. १८९३ मध्ये हा ठराव लंडनच्या रग्बी संघटनेपुढे आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. संघटना चालवणारे होते खासगी शाळांत शिकलेले, घरचं भरपूर असलेले लोक. खेळ फक्त खेळाच्या प्रेमासाठी, पैसा आला की खेळ बाटतो, हे त्यांचं तत्त्व. ज्यांचा शनिवार आधीच मोकळा होता, त्यांना हे तत्त्व फुकटात पडत होतं.

मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या वीसेक क्लबांची बैठक झाली आणि ते वेगळे झाले. बुडालेल्या दिवसाला सहा शिलिंग द्यायचे ठरले. तीच पुढे झाली रग्बी लीग. १९०६ मध्ये त्यांनी पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ केला, खेळ मोकळा आणि वेगवान केला. उरलेली रग्बी युनियन. तिनं ‘पैसा नको’चा हट्ट थेट १९९५ पर्यंत, म्हणजे बरोबर शंभर वर्षं धरून ठेवला. मधल्या काळात जो लीग खेळला, त्याला युनियनचे दरवाजे बंद.

पण मला जास्त मजेशीर वाटते ती पुढची गोष्ट. १८९८ मध्ये लीगवाल्यांनी खेळाडूला उघड पैसे द्यायला परवानगी दिली, आणि अट काय घातली? त्याच्याकडे खरीखुरी नोकरी पाहिजे! नोकरी सुटली तर खेळणं बंद. बिलियर्ड टेबलावर गुण मोजणं वगैरे कामं नोकरी म्हणून चालायची नाहीत, कारण क्लब अशी नावापुरती कामं देतील अशी भीती. ही अट पुढे गळून पडली, पण ओळखीची वाटते ना? आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं काढल्याचं प्रकरण महाराष्ट्रानं पाहिलंय. तिकडे खेळासाठी खोटी नोकरी, इकडे नोकरीसाठी खोटा खेळ.

थोडक्यात, भारतानं ‘खाडा कोण भरून देणार’ या प्रश्नाचं उत्तर क्लबकडून नव्हे, नोकरीकडून घेतलं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं आणि १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. कबड्डीत तर भारत पेट्रोलियम, महिंद्रा, बँका, रेल्वे यांचे संघ, म्हणजे आपण ज्याला ‘व्यावसायिक गट’ म्हणतो तो, कित्येक दशकं हेच काम करत आले. पोरगं चढाईत चमकलं की घरचे विचारायचे, ‘कंपनीत लागेल का?’ प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. योगायोग बघा, त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला पालघर जिल्हा जन्मला. तेव्हापासून लिलावातले आकडे कोटींत गेले, २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त बोली लागली. पण कंपन्यांमधली कायम नोकरी आटत चालली. एमआयडीसीत आज बहुतेकांना कंत्राटदारामार्फत घेतात. तिथे काम नाही तर दाम नाही. त्या पोराला सामन्यासाठी शनिवार सोडायचा असेल तर १८९५ च्या गिरणी कामगाराचं गणितच मांडावं लागतं.

यावर लीग हे औषध आहे का? इथे वेल्सकडे बघू या. ब्रिटनच्या पश्चिमेचा हा चिमुकला देश. लोकसंख्या सुमारे ३१ लाख. आपला पालघर जिल्हा २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाखांचा होता. म्हणजे अख्खा देश आपल्या एका जिल्ह्याएवढा. वेल्सचं पहिलं प्रेम युनियन, लीग तिथे कायम दुसरी. पूर्वी युनियनमध्ये पैसा नव्हता, म्हणून तिथले चांगले खेळाडू इंग्लंडच्या उत्तरेला जाऊन लीगमध्ये सह्या करायचे. कार्डिफचा बिली बोस्टन १९५३ मध्ये असाच विगनला गेला आणि तिथला हिरो झाला. पुढे वेल्समध्येच पूर्णवेळ संघ काढायचं ठरलं. ब्रिजेंडचा क्रुसेडर्स २००९ मध्ये सगळ्यात वरच्या सुपर लीगमध्ये घेतला गेला, वर्षभरात तिथून हलवून रेक्समला नेला (हो, तुमच्या वेबसिरीजमधल्या फुटबॉल क्लबचं रेक्सम) आणि २०११ मध्ये पैशाअभावी बंद पडला. तीन हंगामांत खेळ खलास. त्याच्या राखेतून उभा राहिलेला नॉर्थ वेल्स क्रुसेडर्स मात्र खालच्या गटात, नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्यांच्या जोरावर टिकून राहिला.

अर्धवेळ खेळ म्हणजे सगळं गोडच, असंही नाही. लानेल्ली गावचा वेस्ट वेल्स रेडर्स हा संघ २०१८ मध्ये यॉर्ककडून १४४-० असा हरला. होय, छापताना चूक झालेली नाही. पूर्ण तयारीच्या संघापुढे आठवडाभर काम करून थकलेले लोक उभे केले की असंही होतं. तोही क्लब काही वर्षांत लीगमधून बाहेर पडला.

माझं मत विचाराल तर अंधेरीची लीग वाईट नाही, पण ती पंधरा दिवसांची जत्रा आहे. जत्रेनं गावाचं नाव होतं, वर्षभराचं धान्य येत नाही. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉल क्रिकेटची आयएसपीएल सुरू झाली, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचे डोळे चमकले. चमकायलाच हवेत. पण लिलावात नाव येणारे मोजके, आणि शेताच्या बांधावर रोलर फिरवून पीच करणारे हजारो. पैसा वरच्या मोजक्यांकडे जातो तेव्हा खालच्या शनिवारांचं काय, हे कुणी विचारत नाही.

आणि हे काम खालून होतं याचे दाखले आहेत. सात जणांची रग्बी शोधली कुणी? स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावातल्या नेड हेग नावाच्या खाटकानं, १८८३ मध्ये, गावच्या क्लबाला चार पैसे मिळावेत म्हणून. ते गाव आजही दोन-अडीच हजार वस्तीचं आहे. ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या ‘किस’ या निवासी शाळेनं २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालची रग्बी स्पर्धा जिंकली, आणि पुढे तिथल्या मुली भारताकडून खेळल्या. डहाणू आणि जव्हार प्रकल्पांतल्या आपल्या आश्रमशाळांत धावणाऱ्या पोरापोरींची कमी आहे का? एक अंडाकृती चेंडू आणि एक मैदान लागतं. गोलपोस्ट बांबूचेही चालतात.

तुमच्या पातळीवर हा प्रश्न कॉलेजातच सुरू होतो. ७५ टक्के हजेरी भरायची आहे, विद्यापीठाच्या सामन्यांना जायचं आहे, आणि रात्री बोईसरला पार्टटाइम कामही आहे. सामन्यांची हजेरी धरली जाते का, क्रीडा गुण कोणत्या पातळीपासून मिळतात, अर्ज कधीपर्यंत करायचा, हे जिमखान्यात जाऊन सुरुवातीलाच विचारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. एखादी लीग किंवा अकादमी फॉर्म भरून घेत असेल तर शुल्क किती हे ते सांगतातच. तुम्ही विचारायचं ते वेगळं: खांदा निखळला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? प्रवास कुणाचा? निवड झाली तर किती दिवसांचे पैसे, आणि ते कधी मिळणार? आयोजक चिडला तरी विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. गावच्या मंडळालाही हे सांगता येतं. चषकाची उंची एक फूट कमी करा, लाऊडस्पीकरवाल्याचे थोडे वाचवा, आणि ज्या पोरांचा दिवस बुडाला त्यांना त्या दिवसाचे पैसे द्या. हडर्सफील्डच्या हॉटेलात बसलेल्यांनी याहून वेगळं काही ठरवलं नव्हतं.