शोक सारखाच, कायदा मात्र वेगळा

स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १९९६ साली १६ चिमुरडी मुले व त्यांची शिक्षिका गोळीबारात मृत्युमुखी पडली. ब्रिटनने १९९७ मध्येच खासगी पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी घातली. अमेरिकेतील सँडी हूक शाळेत २०१२ साली २० बालके व ६ शिक्षक-कर्मचारी बळी पडले. तेथे बंदूक खरेदीदारांची पूर्वतपासणी व्यापक करणारा प्रस्ताव २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ मते मिळूनही बारगळला. आवश्यक होती ६०. पुढे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डीत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. अठरा वर्षांच्या हल्लेखोराने रायफली कायदेशीर मार्गानेच विकत घेतल्या होत्या. मातापित्यांचा आक्रोश दोन्ही देशांत सारखाच होता. उणी पडली ती अमेरिकी राज्यकर्त्यांची इच्छाशक्ती. कठोर कायद्याविना वाहिलेली श्रद्धांजली पुढच्या शाळेला वाचवू शकत नाही.